छंदाला उद्यापन नाहीं

आपल्या समाजांत मोजण्याचें काम पुरुषांपेक्षां बायकांनींच अधिक चिकाटीनें केलें आहे. लक्ष वातींचें व्रत घेतलेली बाई दुपारची झांकपाक आटोपली कीं कापूस घेऊन बसे, आणि शेंकड्याशेंकड्यांच्या जुड्या बांधून डब्यांत टाकी. आमच्या हिंगणघाटास कापसाची वाण कधींच नव्हती. येथल्या कापसाचें नांव एके काळीं विलायतेच्या बाजारांतहि घेतलें जात असे. त्यामुळें गांवांतील जुन्या घरांतून असे वातींचे डबे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. संख्या भरली कीं उद्यापन करावयाचें, सवाष्ण-ब्राह्मण जेवूं घालावयाचे, आणि तो नियम देवाच्या पायांशीं ठेवून मोकळें व्हावयाचें, अशी रीति आहे. व्रताला आरंभ असतो, तसा शेवटहि नेमून दिलेला असतो.

पण संसारांत आणखीहि एक मोजणी चालूं असते. ती कोणी सांगितलेली नसते, तिच्यामागें नवस नसतो, आणि तिचें फळहि कोठें लिहिलेलें नसतें. ती छंदाची मोजणी होय. अशा मोजणींत एखादा मोठा आंकडा आला तर त्याचें काय करावें, हें कोणत्याहि पोथींत सांगितलेलें नाहीं. हा प्रश्न आमच्या घरांत नुकताच उभा राहिला, आणि त्यावर चार दिवस बरीच बोलाचालीहि झाली. आमच्या वाचकांच्या घरीं असे प्रसंग आले असतील किंवा पुढें येतील, म्हणून या महिन्याचें हें पान आम्ही त्यालाच देत आहों.

आमच्या धाकट्या बंधूंच्या पत्नीस घरांतील मुलें काकू म्हणतात, आणि मुलांच्या नादानें आतां सारें घरच त्यांना काकू म्हणूं लागलें आहे. या काकूंनीं १९९७ च्या दिवाळींत नानखटाई केली, आणि वाण्याच्या उधारीसाठीं आणलेल्या एका लांबट वहीच्या पहिल्या पानावर 'क्र. १' असें घालून तिचें प्रमाण लिहून ठेविलें. तेव्हां घरांत ओव्हन नव्हता. जाड बुडाच्या पातेल्यांत वाळू तापवून तींत ताट ठेवावयाचें आणि वरच्या झांकणावर निखारे घालावयाचे, असा तो प्रकार होता. त्या वहीच्या मागून दुसरी आली, तिसरी आली. आतां चौथी चालूं आहे, आणि तींत गेल्या महिन्यांत पांचशेंवा क्रमांक पडला. वहीचा नियम एकच आहे, जो पदार्थ शेकून किंवा भाजून, वरून व खालून आंच लागून झाला, तोच तींत यावयाचा. तळलेला, वाफविलेला किंवा परतलेला पदार्थ कितीहि उत्तम झाला तरी त्याला तेथें जागा नाहीं. पांचशें क्रमांक म्हणजे पांचशें निरनिराळे पदार्थ, असेंहि नव्हे. एकटी नानखटाईच त्यांत एकतीस वेळां आली आहे. कारण दरवेळीं कांहींतरी बदललेलें असतें, आणि जें बदललें तें लिहिलेंच पाहिजे, असा काकूंचा आग्रह.

भट्टींतला पदार्थ म्हणजे साहेबाचा पदार्थ, अशी आपल्यांतील पुष्कळांची समजूत आहे. तिला आधार थोडा आहे. यज्ञांतील पुरोडाश हा तांदुळाच्या किंवा यवाच्या पिठाचा गोळाच असे. तो मातीच्या कपालांवर, म्हणजे खापरांवर, ठेवून भाजीत. अग्नीसाठीं आठ कपालें, अग्नीषोमांसाठीं अकरा, असा हिशेब ठरलेला होता. त्याचा आकार कांसवाच्या पाठीसारखा असावा असें सांगितलें आहे, आणि तो वरूनहि शेकला जावा म्हणून त्यावर तापलेली राख व निखारे पसरीत. वरून व खालून सारखी आंच देण्याचें भट्टीचें जें मर्म, तें आमच्या याज्ञिकांस ठाऊक होतें. अमरकोशांत आपूपिक, कांदविक आणि भक्ष्यकार हे शब्द एकत्र दिले आहेत. त्यांतील कांदविक हा कंदूवर, म्हणजे भट्टीच्या भांड्यावर, पदार्थ करणारा. भावप्रकाशांत निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यास अंगारकर्कटी असें नांव आहे; ती अंगारकर्कटी म्हणजे आमचा वऱ्हाड-नागपुराकडचा रोडगाच. एकनाथ महाराजांच्या भारुडांत भवानीआईस जो रोडगा बोलला आहे, तो हाच. आणि मुक्ताबाईंच्या मांड्यांची कथा तर लहान मुलांसहि पाठ असते. विसोबांनीं खापर मिळूं दिलें नाहीं, तेव्हां ज्ञानदेवांनीं आपली पाठ तापवून दिली, असें ती कथा सांगते. पालथ्या खापरावर भाजावयाचा मांडा आपल्याकडे इतका मुरलेला आहे कीं, न घडणाऱ्या सुखांनाहि आपण मनांतले मांडेच म्हणतों.

मग पाव-बिस्किटांविषयीं एवढा दुरावा कां राहिला? त्याला कारणें होतीं. पाव हा शब्दच पोर्तुगीजांबरोबर आला. गोव्यांतील पोदेर पिठाला फुगवटी आणण्यासाठीं ताडामाडाची सूर वापरीत, आणि पाव करणारे हात बहुधा परधर्मी असत. विहिरींत पावाचा तुकडा टाकून गांवच्या गांव बाटविल्याच्या गोष्टी कोंकणांत पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जात. तेव्हां पाव हें नुसतें खाणें राहिलें नव्हतें. तो जातींतून जाण्याचा रस्ता समजला जाई. १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एक सभा झाली आणि तेथें जमलेल्यांपुढें चहा-बिस्किटें आलीं. मंडळींत लोकमान्य टिळक होते आणि पुढें न्यायमूर्ति झालेले माधवराव रानडेहि होते. कोणी चहा घेतला, कोणी कपाला नुसता हात लाविला. गोपाळराव जोश्यांनीं उपस्थितांचीं नांवें 'पुणें वैभव' पत्रांत छापून आणिलीं, आणि त्या एका पेल्यावरून शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत वाद जाऊन प्रायश्चित्तें घेण्याची पाळी आली. आज हें वाचून मुलें हंसतात. परंतु ज्या घरांनीं तो वाद सोसला त्यांना तो हंसण्यासारखा वाटला नसेल.

या वादाचा शेवटचा अंश आमच्या घरांत आम्हीं स्वतः पाहिला आहे. १९९८ मध्यें काकूंनीं कांचेच्या झांकणाचा ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आणिला, तेव्हां आमच्या मातोश्रींनीं तो स्वयंपाकघरांत येऊं दिला नाहीं. त्या सोंवळ्याच्या होत्या, पण तापट नव्हत्या. "तुझी भट्टी पडवींत राहूं दे, माझी शेगडी आंत राहूं दे, म्हणजे दोघींचें भांडण होणार नाहीं," एवढेंच त्या म्हणाल्या. कंदुपक्व अन्नाला, म्हणजे भट्टींत शिजलेल्याला, धर्मशास्त्रांतहि कांहीं मोकळीक आहे, असें आम्हीं त्यांना सांगून पाहिलें. "तुझ्या स्मृति शाळेंत ठेव," असें त्यांचें उत्तर आलें. काकूंनीं वाद घातला नाहीं. ओव्हन पडवींत राहिला, अंडें घरांत आलें नाहीं, आणि क्रमांक पुढें चालले.

अंड्यावांचून केक फुगवावयाचा म्हणजे कांहीं शास्त्र शिकावें लागतें, आणि वह्यांतील पुष्कळ पानें त्या शिक्षणाचीं आहेत. खाण्याचा सोडा एकटा पुरेसा नसतो. त्याला दह्याची किंवा लिंबाची आंबट सोबत लागते, तेव्हां वायु सुटून पीठ हलकें होतें. सोडा अधिक झाला तर रंग काळसर आणि चव साबणासारखी. मिश्रण कालविल्यावर ताटकळत ठेवलें तर वायु उडून जातो, म्हणून भट्टी आधीं तापलेली हवी. गव्हांत एक चिंवट अंश असतो. पाणी घालून मळलें कीं तो ताणला जातो. पावाला तो हवा, नानखटाईला तो नको. म्हणून पाव रगडून मळावा आणि खटाईचें पीठ केवळ गोळा होण्यापुरतें हातानें एकत्र करावें. हा भेद एका वाक्यांत सांगतां येतो, पण काकूंना तो कळावयास वीस-बावीस क्रमांक लागले आहेत.

दुसरा गुरु म्हणजे आमच्या गांवची हवा. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हां तूप डब्यांतच पाण्यासारखें पातळ असतें, आणि अशा तुपाची खटाई ताटांत पसरून तिची पोळी होते. काकूंनीं १९९९ च्या मे महिन्यांतच लिहून ठेविलें आहे कीं, तूप आधीं थंड करून रवाळ करावें, साखरेबरोबर पांढरें होईपर्यंत फेंसावें, आणि गोळेहि अर्धा तास थंडीला ठेवून मग भट्टींत घालावे. उलट पौषांत पावाचें पीठ रात्रभर ठेवलें तरी हलत नाहीं. तेव्हां तें देवघरांतल्या समईशेजारीं नेऊन ठेवावें लागे. पावसाळ्यांत बिस्किटें दुसऱ्याच दिवशीं मऊ पडतात. विजेचा तर स्वतंत्र रकानाच आहे. 'वीस मिनिटांनीं गेली, पाऊण तासानें आली, केक मध्यें खचला,' असे शेरे त्यांत जागोजाग आहेत. पहिल्या वहींत सर्व प्रमाणें वाटीचीं आहेत, दुसऱ्या वहीपासून वजनाचीं. कारण चाळून हलकेच भरलेली मैद्याची वाटी आणि दाबून भरलेली वाटी यांत सुमारें चवथाईचा फरक पडतो, हें त्यांनीं तागडींत घालून पाहिलें.

अनुकरणाचीहि पानें आहेत. वर्ध्याच्या गोरस भांडारांतला गोरसपाक आमच्या जिल्ह्यांत कोणाला ठाऊक नाहीं? गाईच्या तुपाचा तो जाडसर, खुसखुशीत, तोंडांत टाकतांच विरणारा गोल पदार्थ पाहुण्यांबरोबर गांवोगांव जातो. ज्या वर्ध्याला जमनालाल बजाजांनीं १९४१ मध्यें गोसेवा संघ काढिला, तेथें गाईच्या तुपाचा एखादा पदार्थ नांवारूपाला यावा, हें योग्यच झालें. काकूंनीं तो साधण्यासाठीं नऊ वेळां प्रयत्न केला. पुण्याच्या कयानी बेकरींतलीं श्रूजबेरी बिस्किटेंहि त्यांनीं करून पाहिलीं. ती बेकरी १९५५ ची, चालविणारे इराणी, आणि बिस्किटाचें नांव इंग्लंडांतल्या एका गांवाचें. तरी पुण्याहून येणारा नातेवाईक तींच घेऊन येतो. दोन्ही ठिकाणीं काकूंचा शेरा सारखाच आहे: 'चांगलें झालें, पण तें नव्हे.' आम्हांला हा शेरा फार आवडतो. चांगलें आणि तेंच, यांतला फरक ओळखणें हीच रसनेची परीक्षा आहे.

आतां आम्ही त्या पानांकडे येतों, ज्यांमुळें या वह्या आमच्या दृष्टीनें निव्वळ पाककृतींच्या राहिल्या नाहींत. २००९ च्या हिवाळ्यांत मातोश्री अंथरुणाला खिळल्या. दांत गेलेले, गिळण्याला त्रास, भातहि नकोसा. वैद्यांनीं दुधांत भिजवून कांहींतरी द्या असें सांगितलें. बाजारचें बिस्किट त्या घेईनात, आणि घरचें बिस्किट दुधांत पडतांच विरघळून गाळ होई. त्या तो गाळ बाजूला सारीत. क्र. २१४ पासून २२१ पर्यंत एकच पदार्थ आहे, आईंसाठीं बिस्किट. एकदां तूप कमी केलें, एकदां रवा मिसळला, एकदां नाचणी घातली, एकदां दोनदां भाजलें. दोनदां भाजणें हाच बिस्किट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ आहे, हें आम्हीं तेव्हां काकूंना सांगितल्याचें आठवतें. आठव्या खेपेस कणकेचें, वेलदोड्याचें, दोनदां मंद आंचेवर भाजलेलें बिस्किट निघालें. तें दुधांत मऊ पडे, पण मोडत नसे. त्या पानावर प्रमाणाखालीं एक ओळ आहे: 'आज आईंनीं दोन खाल्लीं.' तारीख दिली आहे. जी भट्टी अकरा वर्षें पडवींत होती ती त्या आठवड्यांत आईंनीं स्वतः सांगून आंत आणविली. रात्रीं काकूंना थंडींत बाहेर बसावें लागतें, हें त्यांना बघवेना. एवढ्या वर्षांत जें आमच्या शास्त्रार्थानें झालें नाहीं, तें त्या दोन बिस्किटांनीं झालें. त्यानंतर वहींत तीन महिने क्रमांक नाहीं. त्या तीन महिन्यांचें कारण पानावर लिहिलेलें नाहीं, आणि घरांतल्या कोणाला तें विचारावेंहि लागत नाहीं.

आपल्याकडे छापील पाकपुस्तकें कमी नाहींत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ मध्यें निघालें. लक्ष्मीबाई धुरंधरांनीं १९१० मध्यें 'गृहिणी-मित्र' काढून त्यांत एक हजार पाकक्रिया दिल्या. एका बाईनें हजाराचा आंकडा गांठून तो ग्रंथाच्या नांवांत मिरवावा, याचें त्या काळीं केवढें कौतुक झालें असेल! कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० मध्यें आली आणि लग्नांत मुलीबरोबर सासरीं जाणारी पोथीच होऊन बसली. आतां तर हातांतल्या दूरध्वनीवर वाटेल तो पदार्थ चित्रासह दिसतो. मग घरची वही कशाला, असा प्रश्न आमच्या नातवानें विचारला. त्याचें उत्तर वर आलेंच आहे. छापील ग्रंथ सर्वांच्या चुलीसाठीं असतो. घरची वही एका घराच्या चुलीची, एका गांवच्या हवेची आणि विशिष्ट माणसांच्या तोंडची असते. कोणाला काय रुचलें, कोण आजारी होतें, कोणता पदार्थ कोणाच्या मुंजींत उरला आणि कोणत्या परीक्षेच्या दिवशीं डब्यांत गेला, हें कोणताहि ग्रंथ सांगूं शकत नाहीं. आणि खचलेला केक छापील पुस्तकांत कधींच नसतो. खरें ज्ञान पुष्कळदां त्या खचलेल्या केकांतच असतें.

पांचशेंवा क्रमांक जवळ आला तेव्हां घरांत मसलती सुरू झाल्या. मुलांना तीन मजली केक हवा होता. बंधूंचें म्हणणें, वह्यांचें पुस्तक छापावें. आमच्या सौभाग्यवतींनीं सवाष्णी जेवूं घालून चक्क उद्यापन करण्याची सूचना केली. काकूंनीं सर्वांचें ऐकून घेतलें, आणि ठरलेल्या दिवशीं रोडगे केले.

रोडगा कां, असें आम्हीं विचारलें, तेव्हां त्यांनीं जें सांगितलें तें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पूर्वीं शेतांत वांग्याची भाजी आणि वरण शिजे, शेजारीं गोवऱ्यांचा हार पेटे, आणि त्याच्या निखाऱ्यांत जाड कणकेचे, आंत तुपाचे पदर दिलेले गोळे भाजत. राख झटकून रोडगा फोडावयाचा, कुसकरावयाचा, आणि त्यावर तूप ओतावयाचें. आतां आमच्याकडे शेत नाहीं, गोठा नाहीं. गोवऱ्या विकत आणाव्या तर पेटवावयास अंगण नाहीं. घरांतल्या सर्वांत लहान मुलीनें रोडगा खाल्लेलाच नव्हता. "पांचशें पदार्थ शिकलें, त्यांत बाहेरचे पुष्कळ, आतां घरचा एक हातचा जातो आहे, तो ओव्हनमध्यें राहतो का बघूं," असें काकू म्हणाल्या. भट्टी २०० अंशांवर ठेवून पाऊण तास भाजले. मध्यें दोनदां उलटले. रंग उत्तम आला, पदर सुटले, भुगा चांगला झाला. लहान मुलीनें दोन वेळां मागून घेतला. आम्हां म्हाताऱ्यांना मात्र त्यांत धुराची उणीव भासली. एक कोळसा पेटवून, वाटींत ठेवून, वर तुपाची धार सोडून धुंगारहि दिला. कांहींसें जमलें, पुरतें जमलें नाहीं. रात्रीं काकूंनीं वही उघडून क्र. ५०० खालीं प्रमाण लिहिलें, आणि शेवटीं शेरा दिला: 'अपुरा. पुन्हां करणें.'

एवढ्या मोठ्या क्रमांकावर असा शेरा कशाला, पुसून टाका, असें मुलें म्हणालीं. काकूंनीं तो पुसला नाहीं, आणि आमच्या मतें त्यांचें करणें सर्वथा योग्य होतें. व्रतांत संख्या पुरी होणें हेंच फळ असतें. म्हणून तेथें उद्यापन शोभतें. छंदांत संख्या ही वाटेवरच्या मैलाच्या दगडासारखी असते. तिच्याजवळ क्षणभर थांबावें, किती चाललों तें बघावें, बरोबर कोण होतें आणि आतां कोण नाहीं याची आठवण करावी, आणि पुढें चालूं लागावें. दगडाचीच पूजा मांडून बसलें तर चालणें राहून जातें.

आमच्या वाचकभगिनींस आमची एवढीच विनंति आहे. ज्या कोणाला शिवणाचा, रांगोळीचा, बागेचा किंवा भट्टीचा नाद असेल, तिनें एक वही करावी. तींत तारीख घालावी, माप घालावें, काय बिघडलें तें लिहावें, आणि कोणासाठीं केलें तें लिहिण्यास विसरूं नये. आणि घरांतील पुरुषमंडळींस विनंति अशी कीं, अशा वहीला 'वेळ घालविण्याचें साधन' म्हणूं नये. घराचा इतिहास आपण दस्तऐवजांत आणि खरेदीखतांत शोधतों. त्यांत जमिनीच्या चतुःसीमा सांपडतात. त्या चतुःसीमांच्या आंत माणसें एकमेकांसाठीं काय करीत होतीं, हें पाहावयाचें तर अशा वह्याच उघडाव्या लागतील. आमच्या घरच्या चौथ्या वहींत अजून निम्मीं पानें कोरीं आहेत, आणि क्र. ५०१ ला रोडगेच होणार आहेत. गोवऱ्यांसाठीं काकूंनीं खेड्यांतल्या एका ओळखीच्या घरीं निरोप धाडला आहे.